गच्चीचे वॉटरप्रूफिंग घरच्या घरी: डबा उघडण्याआधीची कामे

मे महिना संपत आला की रंगाच्या दुकानात वॉटरप्रूफिंगच्या डब्यांसाठी गर्दी होते. लोक डबा आणतात, गच्ची झाडतात, संध्याकाळी दोन हात मारतात आणि निर्धास्त होतात. जुलैत छताला पुन्हा तोच डाग येतो. मग "केमिकल डुप्लिकेट निघालं" असं म्हणून पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा डबा येतो. माझ्या पाहण्यात दहातल्या आठ घरी डब्यात काही खोट नसते. कोटिंग मारले जाते ते भेगेवरच्या धुळीवर, ओल्या कोब्यावर (स्लॅबवरच्या सिमेंटच्या थरावर) किंवा सुटलेल्या प्लास्टरवर, आणि पाणी शिरते ती जागा तशीच राहते.

हे मार्गदर्शन स्वतःच्या घराच्या किंवा बंगल्याच्या सिमेंटच्या स्लॅबसाठी आहे. वर नुसता कोबा असेल किंवा जुने कोटिंग असेल तरी चालेल. पत्रा आणि कौले यांचे काम वेगळे. तुम्ही सोसायटीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर स्वतः ब्रश घेऊन वर जाऊ नका. गच्चीतून येणारी गळती दुरुस्त करणे ही सोसायटीची जबाबदारी आहे, आदर्श उपविधींत तसे नमूद आहे. लेखी अर्ज द्या.

थांबा: छताचे काँक्रीट फुगून खाली पडले असेल, गंजलेली सळई दिसत असेल किंवा स्लॅबला झोळ आला असेल तर हे काम तुमचे नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीट आतून फोडत जातो. वरून कोटिंग मारून तो थांबत नाही. आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा.

## १. दिवस मोजून घ्या

पावसाची सरासरी तारीख केरळात १ जून आणि मुंबईत ११ जून. पण कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात वळीव मे महिन्यातच गाठतो. ताज्या कोटिंगवर वळवाची एक सर पडली तर ते दुधासारखे धुऊन पन्हळीतून वाहून जाते.

कामाचा हिशोब असा: शोध आणि चाचणी तीन-चार दिवस, खरवड आणि सफाई दोन दिवस, भेगा आणि वाटे (कठड्याच्या बुडाशी मारायची सिमेंटची गोलाई) भरायला दोन दिवस, त्यावर पाणी मारायला तीन दिवस, वाळायला आठवडा, कोटिंग दोन दिवस, ते पक्के व्हायला आठवडा, शेवटी पुन्हा पाण्याची चाचणी. कितीही घाई केली तरी हे चार आठवड्यांच्या आत बसत नाही. म्हणून पाडवा झाला की काम काढा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात संपवा.

घरात आधी एक बोलणे करून ठेवा. हेच दिवस वाळवणाचे असतात. पापड, कुरडया, सांडगे, मिरच्या यांना गच्ची लागते. कोटिंगनंतर आठवडाभर गच्चीवर पाय पडता कामा नये, त्यामुळे कुरडया आधी होणार की नंतर हे ठरवूनच तारखा पक्क्या करा.

## २. पाणी कुठून शिरते ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

छतातून जिथे थेंब पडतो, त्याच्या बरोबर वर भोक असेलच असे नाही. पाणी कोब्याच्या खाली शिरते, कोबा आणि स्लॅब यांच्यामध्ये आडवे पसरते आणि स्लॅबमध्ये जिथे कच्ची जागा मिळेल तिथून उतरते. स्लॅबमध्ये विजेच्या वायरींचे पाइप टाकलेले असतात, तेही पाण्याला आयती वाट देतात. आमच्या घरी हॉलच्या पंख्याच्या हुकातून पाणी ठिबकायचे. पंख्याच्या बरोबर वरची जागा मोजून आम्ही दोन उन्हाळे तिथेच कोटिंग मारले. पाणी शिरत होते नऊ फुटांवरच्या कोपऱ्यात, पावसाळी पाइपच्या तोंडाशी. पाइप आणि कोबा यांच्यामध्ये करंगळीचे नख जाईल एवढी फट होती. तिथून पाणी वायरिंगच्या पाइपात जायचे आणि पंख्यापाशी बाहेर पडायचे.

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा: छत जानेवारीतही ओले असते का? असेल तर ते पाणी पावसाचे नाही. टाकीचा ओव्हरफ्लो, टाकीकडून येणारी नळाची लाइन किंवा सोलर हीटरचा सांधा तपासा. एक दिवस टाकीचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि डाग सुकू लागतो का ते पाहा.

मग खालच्या खोलीतले डाग पाहा. भिंतीच्या वरच्या कडेला, छत आणि भिंत मिळते तिथे ओल असेल तर संशय कठड्याच्या बुडावर घ्या. खोलीच्या मध्यावर लांबट रेघ असेल तर भेगेवर. कोपऱ्यात गोल डाग असेल तर बहुतेक वेळा पाइपचे तोंड. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. ही रेघ पुढे कामाला येईल.

आता वर जा, हातात हातोडी घ्या आणि कोबा ठोकत चला. एक-एक फुटावर हलकेच ठोका. खणखणीत आवाज आला तर कोबा स्लॅबला धरून आहे. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे आणि बहुधा तिथे पाणीही साठलेले आहे. अशा जागा खडूने आखून ठेवा.

शेवटी भाग पाडून पाणी भरा. ओल्या मातीचा चार इंच उंच बांध घालून गच्चीचे तीन-चार भाग करा. सर्वात खालच्या, म्हणजे पाइपकडच्या भागापासून सुरुवात करा. पाइपच्या तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चिंध्यांचा बोळा घट्ट बसवा आणि त्याला दोरी बांधून टोक वर ठेवा, नाहीतर नंतर तो निघत नाही. दीड-दोन इंच पाणी भरून २४ तास थांबा. खाली काहीच दिसले नाही तर तेच पाणी बादलीने पुढच्या भागात घ्या. एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावांत एवढे पाणी ओतून देणे कुणालाच परवडणारे नाही.

थांबा: दोन इंचांहून जास्त पाणी भरू नका. एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन, दोन इंच म्हणजे सुमारे ५० किलो. ५०० चौरस फुटांच्या गच्चीवर दोन इंच पाणी सव्वादोन टनांपेक्षा जास्त भरते. स्लॅब जुना आणि शंकास्पद असेल तर ही चाचणी करूच नका.

थांबा: पंखा किंवा दिव्याच्या जागेतून ठिबकत असेल तर चाचणीआधी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डातला खटका, खाली करा.

## ३. सामान आणि मोजमाप

छिन्नी-हातोडा, तारेचा ब्रश, खराटा, लोखंडी पत्ती, थापी, दोन घमेली, चार इंची ब्रश, रोलर. चाळलेली वाळू आणि ताजे सिमेंट. पोत्यात गुठळ्या झाल्या असतील तर ते सिमेंट भेगा भरायला वापरू नका. सिमेंटमध्ये मिसळायचे दुधासारखे पांढरे लेटेक्स, दुकानात एसबीआर म्हणून मागा. हलणाऱ्या भेगांसाठी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटच्या, म्हणजे भेग बुजवायच्या रबरी लुकणाच्या नळ्या. फायबरची पांढरी जाळी, रोलमध्ये मिळते. आणि कोटिंग.

कोटिंग कोणते घ्यायचे? उघड्या गच्चीसाठी ताणले जाणारे अॅक्रिलिक कोटिंग घ्या. वरून फरशी किंवा कोबा येणार असेल तर पावडर आणि द्रव असे दोन भाग मिसळायचे सिमेंटचे कोटिंग चांगले, कारण ते पुढच्या थराला धरते. भिंतीचा साधा बाहेरचा रंग या कामाला चालत नाही. तो ताणला जात नाही आणि पहिल्याच उन्हाळ्यात भेगेवर फाटतो.

मोजताना लोक फक्त जमीन मोजतात आणि कठड्याचा खालचा फूटभर भाग विसरतात. २० बाय २५ फुटांची गच्ची म्हणजे ५०० चौरस फूट. कठड्याची लांबी चारही बाजूंनी ९० फूट, त्यावर एक फूट उंची धरली की आणखी ९० चौरस फूट. एकूण ५९०. समजा डब्यावर दोन हातांसाठी लिटरला २० चौरस फूट लिहिले असेल, तर जवळजवळ ३० लिटर लागणार. हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवा. काम झाल्यावर दहा लिटर उरले तर बचत झाली असे समजू नका. थर पातळ बसला आहे.

## ४. खरवड आणि सफाई

जुने कोटिंग पोपडे धरत असेल तर पत्तीने सगळे काढा. घट्ट बसलेले राहू द्या, पण आधी त्याची परीक्षा घ्या. ब्लेडने फुलीसारख्या दोन चिरा मारा, त्यावर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर तुकडा आला तर तेही काढावे लागेल.

बद्द आवाजाच्या जागा फोडा. इथे लोकांचा हात धजत नाही, "चांगला कोबा कशाला फोडायचा?" असे वाटते. पण त्या पोकळीतले पाणी उन्हात तापून वाफ होते आणि वरचे नवे कोटिंग फुग्यासारखे उचलते. फुगा फुटला की तिथून पाणी शिरते. छिन्नी तिरकी धरून फोडा. खालचा स्लॅब दिसला की थांबा, सळईला धक्का लागू देऊ नका.

शेवाळ तारेच्या ब्रशने आणि पाण्याने घासून काढा. फरशी धुण्याचे अॅसिड वापरू नका. ते भेगांतून सळईपर्यंत उतरले की गंज सुरू होतो.

कठड्याच्या फटीत पिंपळाचे रोप असेल तर नुसते उपटू नका. वरचा भाग हातात येतो आणि मूळ आत राहते. पुढच्या पावसात तेच मूळ फट आणखी रुंद करते. दोन्ही बाजूंचे प्लास्टर फोडून मूळ टोकापर्यंत काढा.

सगळे झाल्यावर खराट्याने झाडा, धुवा, वाळू द्या, परत झाडा.

तपासा: तळहात जमिनीवर घासा. हात पांढरा झाला तर सफाई अपुरी आहे. या धुळीवर मारलेले कोटिंग धुळीला चिकटते, गच्चीला नाही.

फोडताना आणि खरवडताना तोंडाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कठडा कमरेखाली असेल तर कडेला पाठ करून काम करू नका.

## ५. भेगा: आधी रुंद करा, मग भरा

भेग बारीक असली की वरून पुट्टी फासायचा मोह होतो. ती दोन महिने टिकते. भेगेवर छिन्नीने इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच काढा, साधारण अर्धा इंच खोल आणि तितकीच रुंद. आतली धूळ ब्रशने आणि फुंकरीने साफ करा.

आता भेग हलते की नाही ते पाहा. स्लॅब उन्हाने ताणतो आणि रात्री आखडतो. सकाळी सहाला आणि दुपारी दोनला भेगेत तोच पातळ पत्रा किंवा कार्ड घालून पाहा. एकदा सैल आणि एकदा घट्ट जात असेल तर भेग जिवंत आहे. जिवंत भेगेत सिमेंट भरले तर ते पुन्हा शेजारीच फाटते. तिथे पीयू सीलंट भरा, तो रबरासारखा ताणला जातो. स्लॅब आणि कठडा यांच्यातली भेग बहुधा जिवंतच असते.

स्थिर भेगांसाठी एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक वाळू आणि डब्यावरच्या प्रमाणात लेटेक्स. आधी खाच थोडी ओली करा, पण पाणी साचू देऊ नका. मग सिमेंट आणि लेटेक्सची पातळ खळ ब्रशने आत लावा आणि ती चिकट असतानाच माल भरा. आता एक चूक सांगतो जी अनुभवी मिस्त्रीही करतात: सगळ्या भेगांना आधी खळ लावत जायचे आणि मग मागून माल भरत यायचे. एप्रिलच्या उन्हात खळ दहा मिनिटांत सुकते. सुकलेल्या खळीवर माल धरत नाही, उलट खळीपाशीच सुटतो. म्हणून दोन-तीन फूट खळ, लगेच माल, मग पुढचे दोन-तीन फूट.

फोडलेला कोबाही याच पद्धतीने भरा आणि उताराकडे लक्ष ठेवा. गच्चीला १०० ला १ उतार लागतो, म्हणजे दहा फुटांना सव्वा इंचाच्या आसपास. अॅक्रिलिक कोटिंग वाहते पाणी सहज सोसते, पण महिनोन्महिने साचून राहिलेले पाणी त्याला मऊ पाडते. बादलीभर पाणी ओतून तासाभराने पाहा. जिथे रुपयाचे नाणे बुडेल इतके डबके राहते तिथे खडूने गोल काढा आणि तो खळगा भरून घ्या.

## ६. पावसाळी पाइपचे तोंड

या कामाला एक अख्खी सकाळ द्या. गच्चीवरचे सगळे पाणी या चार इंचांतून जाते आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होते.

पाइपवरची जाळी काढा. पाइपभोवतीचे प्लास्टर तीन-चार इंच रुंदीत फोडा. पीव्हीसी पाइप गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरत नाही, म्हणून वर्षभरात दोघांमध्ये फट पडते. पाइपचा बाहेरचा भाग खरखरीत सँडपेपरने घासून घ्या. लेटेक्सचा माल भरताना पाइपला लागून पेन्सिलीएवढी खाच सोडा आणि माल वाळल्यावर ती पीयू सीलंटने भरा.

पाइपचे तोंड आजूबाजूच्या कोब्यापेक्षा खाली असायला हवे. कित्येक घरांत ते अर्धा इंच वर असते आणि त्याच्याभोवती पाण्याचे कडे साचून राहते. असे असेल तर पाइप तेवढा कापा. जाळी परत बसवताना सपाट बसवू नका, घुमटासारखी उभी जाळी घ्या. सपाट जाळीवर आंब्याची चार पाने पडली की पाणी तुंबते.

डिशच्या अँटेनाचे आणि सोलरच्या स्टँडचे बोल्टही विसरू नका. प्रत्येक बोल्ट म्हणजे कुणीतरी ड्रिलने पाडलेले भोक आहे. बोल्ट काढा, भोकात सीलंट भरा आणि मगच परत आवळा. शक्य असेल तर स्टँड काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर उचलून ठेवा. टाकी जमिनीला टेकलेली असेल तर ती रिकामी करून बाजूला सरकवा, नाहीतर टाकीखालची जागा कोटिंगवाचून राहील.

## ७. वाटा

कठडा आणि गच्ची जिथे काटकोनात मिळतात तिथे पाणी अडते, माती साचते आणि कोटिंगही नीट बसत नाही. ब्रश कोपऱ्यात शिरत नाही, थर तिथे पातळ पडतो आणि पहिल्यांदा तिथेच फाटतो. तो काटकोन गोल करण्यासाठी वाटा मारायचा.

जुना वाटा असेल तर हातोडीने ठोका, बद्द वाजला तर काढून टाका. कोपऱ्यातली भेग आधी सीलंटने भरा. मग खळ आणि त्यावर १:३ मालाचा वाटा, दोन ते तीन इंचांचा. गोलाई येण्यासाठी काचेची बाटली मालावरून ओढा, थापीपेक्षा सुबक गोल येतो. पृष्ठभाग घोटून आरशासारखा करू नका, जरा खरखरीत राहू द्या.

वाटे, भेगा आणि भरलेल्या जागांवर तीन दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. दुपारी ओले गोणपाट टाकून ठेवा.

कठड्याचा माथाही पाहून घ्या. तिथे आडव्या भेगा असतील तर पाणी भिंतीतून उतरून वाट्याच्या मागून आत येते आणि गच्ची कितीही चांगली केली तरी खोलीची भिंत ओली राहते.

## ८. वाळू द्या आणि प्लास्टिकची परीक्षा घ्या

वरून कोरडी दिसणारी गच्ची आतून ओली असू शकते. दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने जमिनीला पक्क्या लावा. संध्याकाळी लावा आणि दुसऱ्या दिवशी, किमान १६ तासांनी, पाहा. प्लास्टिकच्या आतून थेंब धरले असतील किंवा खालचा सिमेंटचा रंग गडद झाला असेल तर गच्ची तयार नाही. आणखी दोन-तीन दिवस ऊन खाऊ द्या आणि परत लावा. अशा तीन-चार ठिकाणी परीक्षा घ्या, त्यात एक वाट्याजवळ आणि एक नव्याने भरलेल्या कोब्यावर.

नव्या मालाला एकंदर दहा दिवस मिळाल्याशिवाय कोटिंगला हात लावू नका, प्लास्टिक कोरडे निघाले तरीही.

## ९. कोटिंग

सकाळी सहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढ्याच वेळात काम करा. गच्चीवर अनवाणी दहा सेकंद उभे राहता येत नसेल तर ती कोटिंगसाठी फार तापली आहे. तापलेल्या स्लॅबवर वरची साय लगेच धरते, आतले पाणी अडकते आणि बुडबुडे येतात. दुपारनंतर ढग जमत असतील तर संध्याकाळचा हात पुढे ढकला.

आधी प्रायमरचा हात. बहुतेक अॅक्रिलिक कोटिंगमध्ये पाणी घालूनच तो करायचा असतो. प्रमाण डब्यावर असते, तेच पाळा. पाणी फक्त याच हाताला घालायचे. पुढचे हात जड जातात म्हणून पाणी घातले की थर निम्मा होतो.

प्रायमर वाळल्यावर एकदम मोकळ्या जागेत जाऊ नका. आधी वाटे, पाइपचे तोंड, भेगांच्या रेषा आणि बोल्ट घ्या. त्यांवर घट्ट कोटिंगचा थर द्या, ओल्यातच जाळीची फूटभर रुंद पट्टी ठेवा, ब्रशने दाबा आणि वरून लगेच पुन्हा कोटिंग द्या. पाइपच्या तोंडात कोटिंग दोन-तीन इंच आत उतरवा. कठड्यावर फूटभर उंचीपर्यंत न्या.

मग मोकळी गच्ची. लांबच्या कोपऱ्यातून सुरू करा आणि जिन्याच्या दाराशी संपवा. पहिला हात गच्चीच्या लांबीत, त्यात ओल्यावरच जाळी अंथरत चला. दोन पट्ट्या एकमेकींवर दोन-तीन इंच चढायला हव्यात. जाळीला सुरकुती पडली तर ती बोटाने कडेला ओढून सपाट करा. सुरकुतीखाली हवा राहते आणि वाळल्यावर तिथे पोकळ नळी तयार होते. जाळीचा विणीचा आकार दिसेनासा होईल इतके कोटिंग वरून द्या.

दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या अंतराने, बहुधा चार ते सहा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी, आणि रुंदीत, म्हणजे पहिल्याला आडवा. एकाच दिशेने दोन्ही हात मारले तर ब्रशच्या त्याच रेषा दोन्ही थरांत उघड्या राहतात.

तपासा: संध्याकाळच्या तिरक्या उन्हात खाली वाकून गच्चीकडे पाहा. बारीक भोके, जाळीची वीण, उघडे ठिपके उभ्याने दिसत नाहीत, तिरक्या प्रकाशात दिसतात. तिथे लगेच ब्रश फिरवा. मग कागदावरचा लिटरचा आकडा आणि डब्यात उरलेले कोटिंग जुळवून पाहा. जास्त उरले असेल तर तिसरा हात द्या.

## १०. पुन्हा पाणी भरा

सात दिवस वाळल्यावर पहिल्यासारखीच भाग पाडून चाचणी घ्या. या वेळी मातीचा बांध जपून घाला. खडे नसलेली मऊ माती घ्या आणि फावडे लावू नका. प्रत्येक भाग २४ तास, पाइपकडचा भाग ४८ तास.

पाण्याची पातळी कठड्यावर पेन्सिलीने आखा आणि शेजारी पाण्याने भरलेले एक घमेले ठेवून त्यातही रेघ मारा. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी वाफ होऊनही कमी होते. गच्चीवरची पातळी घमेल्याइतकीच उतरली तर ती वाफ आहे. जास्त उतरली तर बोळा सैल आहे का ते आधी बघा, मग गळती शोधा. खाली छताला हात लावून पाहा आणि पेन्सिलीच्या रेघेबाहेर डाग गेला आहे का ते तपासा.

गळती दिसलीच तर सगळ्या गच्चीवर आणखी एक हात मारू नका. कुठल्या भागात पाणी होते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या भागातले तोंड, वाटा, भेग एवढेच तपासा, पत्तीने तेवढे कापा, भरा, जाळी लावा.

## ११. नंतरची काळजी

कोटिंगवर धुणे आपटू नका, लोखंडी पाटा किंवा खुर्चीचे टोकदार पाय ओढू नका. कुंड्या विटांवर ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहून जाईल. दिवाळीत भुईनळे आणि फुलबाज्या गच्चीवर लावणार असाल तर खाली पत्रा टाका. गरम तारेचा एक चटका भोक पाडायला पुरतो. मेच्या अखेरीस आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाइपच्या जाळीजवळची पाने हाताने काढा.

हे वाचेपर्यंत पाऊस सुरू झाला असेल तर डबा आणू नका. पाइपची तोंडे मोकळी करा, संशयाच्या जागी ताडपत्री अशी बांधा की पाणी पाइपकडे वाहील, आणि खाली डागांच्या रेघा तारखांसह मारत राहा. कोणत्या दिवशी, किती पाऊस झाल्यावर, कुठे थेंब आला हे वहीत लिहा. पाडव्यानंतर काम काढाल तेव्हा शोधाचे निम्मे काम झालेले असेल.

आणि छताला आतून रंग देण्याची घाई करू नका. स्लॅबमधली ओल सुकायला महिने लागतात, लगेच पुट्टी मारली तर ती पांढरी खार धरून सुटते. एक पावसाळा जाऊ द्या. सप्टेंबरअखेर डाग पेन्सिलीच्या रेघेच्या आतच राहिलेला आणि हाताला कोरडा लागत असेल तर दिवाळीच्या रंगकामात ते छतही घ्या.